कुर्बान ठरवलेला दयानिधी : आमच्या मंडळीच्या कार्यकारी समितीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कार्यकारी समितीचे सर्व सन्माननीय सभासद यांस,

जय ख्रिस्त.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आशीर्वादाच्या आधी, सेक्रेटरीसाहेबांनी जी सूचना वाचून दाखवली तिच्याविषयी हे पत्र आहे. सूचना चार वाक्यांची होती. चर्चच्या मागचा हॉल रुग्णांच्या नातेवाइकांना रात्रीच्या मुक्कामासाठी देणे १ जूनपासून बंद होईल. दयानिधीत, म्हणजे या रुग्णांच्या माणसांसाठी ठेवलेल्या निधीत, जमलेली सर्व रक्कम वेदीच्या नूतनीकरणाच्या खात्यात वर्ग होईल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फिरणारी दयानिधीची थैली यापुढे 'वेदी अर्पण' म्हणून फिरेल. आणि मंडळीने या पवित्र कार्याला आज्ञाधारकपणे साथ द्यावी. मग आशीर्वाद झाला आणि आपण सगळे उन्हात बाहेर पडलो. नवतपा सुरू होता. त्या दुपारी हॉलमध्ये सव्वीस माणसे होती आणि त्यांना ही सूचना कोणीतरी सांगायची होती. ती मी सांगितली.

यावर जूनमध्ये मी सेक्रेटरीसाहेबांना दोन पत्रे दिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे. त्याला आणखी एक कारण आहे. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसांची नावे मंडळीच्या नोंदवहीत नाहीत, त्यांना सर्वसाधारण सभेत हात वर करता येत नाही आणि त्यांच्यातले बहुतेक जण ख्रिस्तीही नसतात. ज्यांचे गेले त्यांना जिथे बोलता येत नाही, तिथे विषय संपला असे मी मानू शकत नाही. मंडळीचे नाव मी मुद्दामच लिहिलेले नाही. ज्यांना ते कळायला हवे त्यांना एव्हाना कळले असेल.

माझा या हॉलशी संबंध काय, ते आधी सांगते. १९८७ च्या डिसेंबरात माझ्या वडिलांना गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून एसटीने नागपूरला आणले आणि मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती केले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वॉर्डात रात्री रुग्णाजवळ एकानेच थांबायचे, म्हणून काका आत थांबत आणि आई व मी बाहेर. पहिल्या दोन रात्री आम्ही झाडाखाली काढल्या. नागपूर म्हटले की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांवर उतरला, त्या रात्री मला दुलईतही ते झाड आठवत होते. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एका सिस्टरने आईला पत्ता सांगितला आणि आम्ही या हॉलवर आलो. नाव, गाव आणि जेवलात का, एवढेच आम्हाला विचारले गेले. दोन दिवसांनी आईने आपणहून सांगितले की आम्हीही ख्रिस्तीच आहोत, तेव्हा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "असू द्या, भात घ्या." आम्ही तिथे एकवीस रात्री राहिलो. वडील वाचले नाहीत. त्यांना गावी नेण्यासाठी गाडीचे भाडेही त्याच निधीतून दिले गेले, हे मला फार नंतर, लग्न होऊन या मंडळीत आल्यावर आणि महिला संघाची खजिनदार म्हणून जुन्या वह्या हाती आल्यावर कळले. वहीत फक्त तारीख, रक्कम आणि 'मयताचे भाडे' असे तीन शब्दांचे काम होते. अकरा वर्षे मी त्याच वहीत नोंदी केल्या. तेव्हा या निधीत काय येते आणि त्यातून काय जाते, हे मला ऐकून माहीत नाही, हिशेबाने माहीत आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पैशाविषयी आहे, आणि तिच्यासाठी शास्त्रात नेमका शब्द आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) आणि शास्त्री येशूच्या शिष्यांवर न धुतलेल्या हातांनी जेवल्याचा ठपका ठेवतात. त्यावर प्रभू त्यांना उलट एक उदाहरण देतो. मुलगा आईवडिलांना म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचे होते ते आता 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलेले आहे. एवढे उच्चारले की आईवडिलांचा हक्क संपतो आणि मुलगा धार्मिक ठरतो. येथे देवाला अर्पण करू नका असे प्रभू म्हणत नाही. ज्यावर दुसऱ्याचा हक्क होता ते उचलून अर्पण करू नका, एवढेच म्हणतो. मात्र असे करणाऱ्यांनी आपल्या परंपरेने देवाचे वचन रद्द केले, इतका कठोर निवाडा तो देतो. समितीने ज्या रात्री ठराव केला त्या रात्री आपल्या दयानिधीचे नेमके हेच झाले. त्या थैलीत ज्यांनी नोटा टाकल्या त्यांनी त्या आजाऱ्यांच्या माणसांसाठी टाकल्या होत्या. कोणी आपल्या मुलाचा पहिला पगार दिला, एका वृद्ध भगिनीने मृत्यूपूर्वी आपल्या बांगड्या मोडून आलेली रक्कम दिली आणि पावतीवर 'पेशंटच्या लोकांसाठी' असे स्वतःच्या हाताने लिहून घेतले. विशिष्ट हेतूने दिलेला पैसा त्याच हेतूला लागावा, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचे अगदी साधे तत्त्व आहे आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालयही आहे. भावाने भावाला कोर्टात खेचू नये ही पौलाची शिकवण मला ठाऊक आहे, म्हणून मी तिकडे गेलेली नाही. पण कायदा एक वेळ बाजूला ठेवला तरी मार्काचा सातवा अध्याय कुठे ठेवायचा?

दुसरी तक्रार सूचनेसोबत जोडलेल्या वचनांविषयी आहे. नोटीस बोर्डावर लावलेल्या प्रतीत तीन संदर्भ होते. ते मी घरी जाऊन उघडून वाचले, आणि समितीनेही ते पूर्ण अध्यायासह पुन्हा वाचावेत अशी माझी विनंती आहे.

पहिला संदर्भ हाग्गय १:४ चा होता. परमेश्वराचे मंदिर उजाड पडले असताना तुम्ही तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी तक्त्यांनी मढवलेल्या, घरांत राहावे काय, असे संदेष्टा तिथे विचारतो. वचन मोठे आहे आणि मंडळीच्या कामासाठी मी स्वतः ते अनेकदा वापरले आहे. पण हाग्गयापुढे खरोखरच पडझड झालेले मंदिर होते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी पाया घालून ते तसेच सोडून दिले होते. आपल्या चर्चचे छप्पर शाबूत आहे, वेदी शाबूत आहे, तिच्यावरचे सागवान माझ्या सासऱ्यांच्या पिढीने बसवले आणि ते अजून चकाकते. शिवाय हाग्गयाचा प्रश्न तक्तपोशीच्या घरांत राहणाऱ्यांना होता. तो आपल्याला, म्हणजे मनीषनगरात आणि बेसा रोडवर फ्लॅट घेतलेल्यांना, जरूर विचारावा. त्याचे उत्तर फुटपाथवर चादर अंथरणाऱ्याकडून वसूल करू नये.

दुसरा संदर्भ १ शमुवेल १५:२२, म्हणजे यज्ञापेक्षा आज्ञा मानणे बरे. सूचनेतला 'आज्ञाधारकपणे' हा शब्द इथून आला असावा. हा अध्याय मला नेहमीच जड गेला आहे, कारण त्यात अमालेकी लोकांच्या संहाराची आज्ञा आहे आणि दयेला कुठे जागाच नाही. त्याचे ओझे मी आजही हलके करू शकत नाही. तरीही संदेष्टा शमुवेल शौल राजाला ते वाक्य कोणत्या क्षणी ऐकवतो ते पाहावे. शौलाने उत्तम मेंढरे आणि गुरे मागे ठेवली आहेत आणि विचारल्यावर तो म्हणतो, लोकांनी ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी राखली. लुटीला यज्ञाचे नाव दिले, त्यावरचे ते उत्तर आहे. हे वचन वेदीच्या खात्यावर टांगताना समितीने जरा थांबायला हवे होते.

तिसरा संदर्भ मला सर्वांत लागला, कारण तो ऐकून मंडळीतल्या पुष्कळांनी मान डोलावली. मत्तय २६:११ : गरीब तर तुमच्याजवळ नेहमीच आहेत. बेथानीत एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले, शिष्य कुरकुरले की हे विकून गरिबांना देता आले असते, आणि प्रभूने तिची बाजू घेतली. तिच्या बाजूने मीही आहे. देवाच्या घरात सुंदर वस्तू नकोच असे म्हणणाऱ्या कोरड्या माणसांपैकी मी नाही. नाताळात वेदीसाठी शेवंतीचे हार करायला सकाळी सहाला येणाऱ्यांत माझे नाव असते. पण तिने तेल स्वतःचे ओतले होते. शिष्यांच्या थैलीतून काढून किंवा दारातल्या भिकाऱ्याच्या वाटीतून उचलून तिने ते ओतले नव्हते. आणि प्रभूच्या तोंडचे ते वाक्य नवे नाही, ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातले आहे, जिथे त्याचा उरलेला भाग असा आहे की देशात दरिद्री कधी नाहीसे होणार नाहीत, म्हणून मी तुला आज्ञा देतो, आपल्या दरिद्री भावासाठी हात सैल सोड. मार्काने तर हाच प्रसंग सांगताना प्रभूचे पुढचे शब्दही नोंदवले आहेत की तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांचे बरे करता येईल. सूचनेत वाक्याचा पुढचा भाग नव्हता.

मत्तयाचे पुस्तक उघडलेच होते, तर नववा आणि बारावा हे दोन अध्यायही समितीने पाहायला हवे होते. तिथे येशू होशेय संदेष्ट्याचे एकच वचन दोनदा पुढे करतो : मला दया पाहिजे, यज्ञ नको. पहिल्यांदा तो मत्तयाच्या घरी, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंक्तीला बसलेला असतो आणि परूशी विचारतात की हा अशांबरोबर का जेवतो. दुसऱ्यांदा शब्बाथाच्या, म्हणजे कामाला मनाई असलेल्या विश्रामाच्या, दिवशी भुकेलेले शिष्य शेतातली कणसे मोडून खातात आणि परूशी नियम दाखवतात; तेव्हा तो दाविदाची आठवण देतो, ज्याला आणि ज्याच्या माणसांना भूक लागली असता याजकाने देवापुढची समर्पित भाकर दिली होती. दोन्ही प्रसंग जेवणाचे आहेत. इतकी वर्षे हे वचन ऐकूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती जूनच्या पहिल्या बुधवारी आली, जेव्हा महिला संघाच्या भगिनी सवयीने वरण-भाताचे पातेले घेऊन आल्या आणि हॉलला कुलूप होते.

होशेयाच्या मूळ इब्री (हिब्रू) वचनात दयेसाठी 'हेसेद' हा शब्द आहे, असे आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी एकदा बायबल वर्गात फळ्यावर लिहून सांगितले होते. हेसेद म्हणजे कनवाळूपणाने टाकलेला तुकडा नव्हे. करारात बांधल्या गेलेल्या माणसांनी एकमेकांशी राखलेली निष्ठा म्हणजे हेसेद. त्याच अध्यायात दोनच वचने आधी देव तक्रार करतो की तुमचे हेसेद सकाळच्या ढगासारखे आहे, उन्हाबरोबर विरणाऱ्या दवासारखे आहे. हॉलवर येणाऱ्यांना आपण भीक घालत होतो असे ज्यांना वाटते, त्यांना ती थांबवणेही सोपे वाटते. आपण ते देणे लागत होतो असे मानले, तर मात्र मध्येच थांबता येत नाही.

येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, नाहीतर समितीतला एखादा जाणकार मला तिथेच पकडेल. यज्ञ नको आणि दया हवी, इतके सरळ शास्त्र नाही. होशेयाच्या वचनाचा दुसरा अर्धा भाग होमार्पणांपेक्षा देवाचे ज्ञान बरे असे म्हणतो, म्हणजे इब्री भाषेच्या रीतीने तिथे तुलना आहे, बंदी नाही. एकावन्नाव्या स्तोत्रात दाविदाचे म्हणून गायले जाते की तुला यज्ञ आवडत नाही, भग्न हृदय हाच देवाचा यज्ञ आहे. आणि तेच स्तोत्र तीन ओळींनंतर वेदीवर गोऱ्हे अर्पण होतील असे म्हणून संपते. आमोस सांगतो की तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, गीतांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशया म्हणतो, तुम्ही हात पसराल तेव्हा मी डोळे झाकीन, कारण ते रक्ताने भरले आहेत. पण याच देवाने लेवीयाच्या पुस्तकात अध्यायामागून अध्याय होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण यांचे विधी बारकाईने घालून दिले. दोन्ही एकाच पोथीत आहेत. हा ताण माझ्या बुद्धीने सुटत नाही आणि तो सुटलाच पाहिजे असा माझा आग्रहही नाही.

मात्र लेवीयाचे पुस्तक, जे आपण बहुतेक जण चाळून पुढे जातो, तेच नीट वाचल्यावर मला असे दिसले की दया त्या विधींच्या बाहेर उभी राहून आरडाओरडा करत नाही. ती त्यांच्या आत बसलेली आहे. पाचव्या अध्यायात पापार्पणाला कोकरू किंवा शेळी सांगितली आहे. लगेच पुढे येते की एवढी ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत. तेवढीही ऐपत नसेल तर? तर दशांश एफा (एफा हे धान्याचे माप) सपीठ आणावे, त्यावर तेल नको, ऊदही नको. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण रक्ताचे पुस्तक समजतो, त्यात गरिबाला रक्ताशिवायही क्षमा मिळत होती, आणि त्याच्या मूठभर पिठाचा धूर त्याच वेदीवरून वर जात होता. बाराव्या अध्यायात बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी पुन्हा तीच सवलत आहे. आणि लूक सांगतो की मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हा त्यांनी काय अर्पण केले : होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिले. कोकराची ऐपत नसलेल्या घरात तो वाढला. पुढे त्याच मंदिरात त्याने सराफांचे चौरंग पालथे केले, तेव्हा मार्क आणि मत्तय आणखी एका धंद्याचा नाव घेऊन उल्लेख करतात, आणि तो आहे कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठकांचा. त्या क्षणी त्याला आपल्या आईचे अर्पण आठवले असेल का, हे शास्त्र सांगत नाही आणि मीही सांगू शकत नाही. पण गरिबासाठी नियमात ठेवलेली फट ज्यांनी दुकान करून बुजवली, त्यांच्यावर तो रागावला, हे तर स्पष्ट आहे. दयानिधी ही आपल्या मंडळीच्या विधींतली तशीच एक फट होती. महिन्यातून एकदा थैली फिरे, एवढेच.

यरुशलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने जाळले, त्यानंतरची यहूदी परंपरेतली एक आठवण या संदर्भात सांगण्यासारखी आहे. रब्बी योहानान बेन झक्काई आपल्या शिष्यासह त्या भग्नावशेषांजवळून जात होते. शिष्य हळहळला की जिथे आपल्या पापांचे प्रायश्चित्त होत होते ती जागाच गेली. गुरू म्हणाले, बाळा, दुःख करू नकोस, तितकेच समर्थ असे दुसरे प्रायश्चित्त आपल्याजवळ आहे, ते म्हणजे दयेची कृत्ये. आणि त्यांनी होशेयाचे हेच वचन म्हटले. ज्यांची वेदीच गेली त्यांनी दयेचा आधार घेतला. आपण वेदी असताना, तीही धडधाकट असताना, दयेच्या पैशाने ती मढवायला निघालो आहोत.

तिसरी तक्रार शब्दाची आहे, आणि कोणाला ती क्षुल्लक वाटेल. आमच्या सासऱ्यांच्या पिढीची माणसे 'वेदी' फारसे म्हणत नसत, ती 'प्रभूचे मेज' म्हणत. मेजावर जेवतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राप्रमाणे ख्रिस्ताने एकदाच, सर्वांसाठी, स्वतःचे अर्पण केले आणि त्यानंतर पापाबद्दल अर्पण उरले नाही, हा तर आपल्या विश्वासाचा कणा आहे. मग आपल्याकडे वाहायला उरले काय? तेच पत्र तेराव्या अध्यायात उत्तर देते : चांगले करण्यास व दान करण्यास विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. आणि त्याच अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात परक्यांचा पाहुणचार करण्यास विसरू नका, असेही आहे. वेदीला लावायच्या मकराण्याच्या संगमरवराचा तिथे उल्लेख नाही. संगमरवर बसवू नका असेही अर्थात तिथे लिहिलेले नाही.

चौथी गोष्ट पद्धतीची. सर्वसाधारण सभा बोलावली गेली नाही आणि महिला संघाला विचारले गेले नाही, जरी स्वयंपाक, चटया, चादरी आणि वही ही चारही कामे संघच करत होता.

समितीची बाजूही मी ऐकली आहे. गेल्या वर्षी हॉलमधून एक पंखा आणि माइकची वायर गेली. दोनदा दारू पिऊन आलेल्या माणसाने गोंधळ घातला. संडासांची अवस्था कधीकधी अशी असे की रविवारी संडे स्कूलची मुले तिकडे जायला धजत नसत. हे सगळे खरे आहे आणि ज्यांनी ते निस्तरले त्यांच्यात मी होते. यावर नोंदवही, ओळखपत्राची प्रत, रात्री तरुण संघाच्या दोघांची पाळी आणि सफाईसाठी पगारी माणूस, असे उपाय मी दोन वर्षांपूर्वी लेखी दिले होते. त्यांचा खर्च दयानिधीतून सहज झाला असता. कुलूप हा त्या यादीतला एकही उपाय नव्हता.

राहता राहिले शहर. १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, आणि त्यांच्या मिशनने इथे शाळा काढल्या, पुढे स्त्रियांसाठी रुग्णालय काढले. इथल्या सामान्य माणसाला ख्रिस्ती नाव आधी शाळेच्या फळ्यावरून आणि दवाखान्याच्या खाटेवरून माहीत झाले. याच शहरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी रस्तोरस्ती जेवणाचे स्टॉल लागतात, आणि ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यातही येणारा उपाशी परत जात नाही. मेडिकलला येणारी माणसे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ इथून येतात, छिंदवाडा, बालाघाट आणि शिवनीहूनही येतात. जुलैमध्ये, पाऊस कोसळत असताना, बालाघाटकडचे एक म्हातारे जोडपे जुना पत्ता विचारत आपल्या फाटकाशी आले होते. वॉचमनने त्यांना बाजूच्या ज्या धर्मशाळेचा रस्ता दाखवला ती दुसऱ्या धर्माच्या लोकांनी चालवलेली आहे, आणि तिथे त्यांची सोय झाली, हे मी आनंदाने लिहिते. शोमरोन्याची, म्हणजे लुटून रस्त्यात टाकलेल्या जखमी माणसाला परक्या समाजातल्या एकाने वाचवल्याची, गोष्ट आपण मुलांना फ्लॅनेलच्या चित्रांवर शिकवतो. तिच्यातले याजक आणि लेवी वाईट माणसे नव्हती, बहुधा ती मंदिराच्या कामाची माणसे होती, आणि रस्त्याच्या पलीकडून गेली.

माझ्या मागण्या अशा आहेत. दयानिधीतून वेदीच्या खात्यात नेलेली रक्कम पूर्णपणे परत करावी आणि १ एप्रिलपासूनचा त्या निधीचा हिशेब नोटीस बोर्डावर लावावा. थंडी पडण्याआधी, म्हणजे उशिरात उशिरा ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, हॉल पुन्हा उघडावा. वर सांगितलेल्या चारही अटींसह उघडला तर उत्तमच. पहिल्या रविवारच्या थैलीला तिचे नाव परत द्यावे. आणि हॉल व निधी यांविषयी कायमचा निर्णय घ्यायचा असेल तर तो सर्वसाधारण सभेत, महिला संघाचे म्हणणे ऐकून घ्यावा.

वेदीच्या कामाला माझा विरोध नाही, हे पुन्हा एकदा लिहिते. त्यासाठी वेगळी थैली फिरवा, वेगळी पावती द्या, दात्याला माहीत असू द्या की आपला पैसा दगडाला लागणार आहे. त्या थैलीत माझे पहिले पाच हजार रुपये असतील, आणि ते मी कुरकुरत देणार नाही.

समितीतल्या अनेकांशी माझे घरचे संबंध आहेत. खजिनदारसाहेबांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी तिची धर्ममाता म्हणून उभी होते. हे पत्र वाचून कोणी दुखावले गेले तर त्याच्या दारी मी स्वतः जाईन, कारण वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर असे प्रभू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो; ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात हाती आलेल्या नव्या करारात ज्याने खिळवून ठेवले, ते हेच प्रवचन. पण मागण्या मी मागे घेणार नाही.

हॉलमधल्या बावीस चटया आणि एकोणीस चादरी सध्या माझ्या घरी आहेत. चादरी धुऊन ठेवल्या आहेत, तीन फाटल्या होत्या त्या शिवल्या आहेत. मोठे पातेले संघाच्या अध्यक्षांकडे आहे. हॉलची किल्ली कोणाकडून घ्यायची ते कळवावे.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद आणि महिला संघाची माजी खजिनदार
नागपूर